पाहुण्याची चूल

आतिथ्य हा आपल्या समाजात निर्विवाद सद्गुण मानला जातो. अतिथीस देव मानावे अशी तैत्तिरीय उपनिषदाची आज्ञा आहे, आणि ती आपण पाळतो असा आपला समजही आहे. परंतु देव मानलेल्या या अतिथीला माणूस म्हणून काय हवे असते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. नैवेद्य बहुधा भक्ताच्या आवडीचा असतो. देव तक्रार करीत नाही. पाहुण्याच्या बाबतीतही आपण तेच करतो, आणि त्यास आग्रह असे गोड नाव देतो.

यंदाच्या वसंतात गोंदियाजवळील मुर्री येथे भगिनीकडे आमचा मुक्काम असता हा विचार आमच्या मनात बळावला. पळस फुलला होता. सकाळी भाच्यासह सायकलीवरून दोन-चार मैल रपेट करावी आणि कडकडून भूक घेऊन परतावे, असा आमचा क्रम असे. भाचा शिक्षणासाठी पोलंडात राहून आलेला. एके दिवशी परतताना त्याने बाजारातून बटाटे, कांदे आणि छेना घेतला व घरी येताच स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मैद्याच्या पाऱ्यांत सारण भरून त्याने त्या करंजीप्रमाणे मुडपल्या, पण तळल्या नाहीत; उकळत्या पाण्यात सोडल्या व वर परतलेला कांदा घातला. या पक्वान्नास पिएरोगी म्हणतात. भगिनीने पहिली साशंकतेने खाल्ली, दुसरी मागून घेतली. भाचा म्हणाला, "मामा, ज्या आजीबाईंकडे मी भाड्याने राहत होतो त्यांनी मला हे शिकवले, पण त्याआधी वरणभात करायला त्यांनी आपली चूल मला दिली होती."

पाहुणा घरात आला म्हणजे देव घरात आला, अशी म्हण पोलिश भाषेतही आहे. त्या आजीबाईंनी तिचा अर्थ आमच्याहून अधिक खोल जाणला होता, असे आम्हांस वाटते. पान वाढणारा आपले औदार्य दाखवितो. चूल देणारा पाहुण्याचे पाहुणेपणच काही काळ दूर करतो.

याच कसोटीवर महाराष्ट्रातील एक प्रसंग पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडातील असंख्य कुटुंबांस सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. 1941 मध्ये सुटका झाल्यावर त्यांतील कित्येक जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. 1943 पासून 1948 पर्यंत कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती, आणि कुटुंबांस आपापल्या परीने रांधता येत होते. पुढे फाळणीने बेघर झालेल्या सिंधी कुटुंबांनी तेथेच संसार मांडले. आजचे गांधीनगर ते हेच.

कोणी म्हणेल, वळिवड्याच्या खर्चाचा भार लंडनस्थित पोलिश सरकारने उचलला, मग यात आतिथ्य कसले? आक्षेप रास्त आहे; परंतु त्यात आतिथ्य म्हणजे खर्च, हे गृहीत धरलेले आहे. परक्या भाषेची, परक्या धर्माची, परक्या आहाराची माणसे शेजारी पाच वर्षे आपल्या रीतीने नांदली, याची किंमत पैशांत होत नाही. वॉर्सा नगरीत कोल्हापूरच्या स्मरणार्थ स्मारक उभे आहे, ते जेवणावळीच्या हिशेबासाठी खचित नव्हे.

या कसोटीस आजचे आपण कितपत उतरतो? सोवळ्याच्या नावाखाली माणसाची पारख स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर करण्याची सवय आपल्यांत फार जुनी. उंबरठा झिजला, सवय राहिली. खोली भाड्याने मागावयास आलेल्या विद्यार्थ्यास 'तुम्ही काय शिजवता?' असे विचारणारे सुशिक्षित गृहस्थ आपल्या शहरांत थोडे नाहीत. आणि हेच गृहस्थ सोयऱ्यांस पंचपक्वान्नांचा आग्रह करतात. सोयऱ्यांचा पाहुणचार बव्हंशी देवघेवीचा असतो. आज आपण वाढतो, उद्या ते वाढतील. तो गोड आहे, त्यागण्याजोगा मुळीच नाही; मात्र त्यावरून आपल्या औदार्याचे माप घेऊ नये. ज्याच्या घरी आपण कधी जेवावयास जाणार नाही, त्याच्या चुलीचा वास आपल्या भिंतीआड आपण किती सुखाने सोसतो, यावर ते माप घ्यावे.