अन्नाची लाज

मनुष्याने काय खावे, हा प्रश्न वैद्याचा आहे असे आपण समजतो. परंतु काय खावयास आपणांस लाज वाटते, हा प्रश्न नीतीचा आहे. आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

कृष्णाकाठी वाळव्याकडे किंवा कऱ्हाडकडे एखाद्या घरी पाहुणा आला असता काय घडते ते पाहा. त्याच्यापुढे पांढरा भात, बटाट्याची भाजी व पुष्कळ साखरेचा चहा येतो. चुलीपाशी मात्र हुलग्याचे माडगे आणि बांधावरून खुडून आणलेली तांदुळजाची भाजी झाकून ठेविलेली असते. ती वाढली तर पाहुणा आपणांस दरिद्री समजेल, अशी घरधनिणीस भीती वाटते. या लाजेचे मूळ बहुधा दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ चा व पुढे १९७२ चा असे दुष्काळ या मुलखाने सोसले. कणगी रिकामी झाली की माणसे रानातील पाल्याकडे वळत. ज्या पाल्याने जीव जगविला, त्याचेच नाव दारिद्र्याशी जोडले गेले, ही केवढी कृतघ्नता!

आता ज्ञान काय सांगते ते ऐका. जावा बेटात आइकमन नावाच्या डच वैद्यास असे दिसून आले की, पुष्कळ सडून पांढरा केलेला तांदूळच खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. या शोधाबद्दल १९२९ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. लोक जे हलके म्हणून टाकून देत होते, त्यातच जीवनसत्त्व होते.

कोणतेही एक अन्न परिपूर्ण नाही. जोंधळा व बाजरी यांत लायसिन नावाचा पोषक घटक थोडा असतो. तो तूर, मटकी व हुलगा यांत विपुल आहे. आणि कडधान्यांत जे उणे, ते धान्य भरून काढते. पाटण व जावळीच्या डोंगरात पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक चुना असतो. पांढऱ्या तांदळात तो अगदी अल्प. पालेभाजीतील लोह अंगी लागावे म्हणून तिजवर लिंबू पिळावे, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. माण, खटाव व जत येथील कोरडवाहू शेतकरी बाजरीत तूर, मटकी, हुलगा पेरीत, जोंधळ्यात करडईच्या ओळी धरीत, ते उगीच नव्हे. आपले शेजारी भोगीच्या दिवशी अनेक भाज्या एकत्र शिजवून तिला लेकुरवाळी भाजी म्हणतात, त्यातही हेच शहाणपण आहे.

ऊस व द्राक्षे यांनी पैसा आणिला, त्यास दोष देणे नाही. परंतु शेतातून जी विविधता गेली, ती बाजारातून परत घरी आली काय? २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात उणीव आढळली. याची कारणे अनेक आहेत. तथापि एकसुरी ताट हे त्यांतील एक होय.

कोणी म्हणेल, ज्यास शेत नाही, जो ऊसतोडीस परगावी आला आहे, त्यास विविधतेचा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. हे म्हणणे खरे आहे. दारिद्र्याची सक्ती व लाजेची सक्ती या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीबद्दल गरिबास बोल लावू नये. ती हलकी करणे शेतवाल्याचे कर्तव्य आहे. बवाजाने रूथेस आपल्या शेतात सरवा वेचू दिला. तसे आपणही बांधावरील पाथरी, घोळ खुडणाऱ्या बाईस हाकलू नये, आणि जेथे तणनाशक फवारले असेल तेथील भाजी खुडू नये म्हणून तिला आधी सांगावे. दुसरी सक्ती मात्र आपणच आपणांवर लादिली आहे, व आपणच ती मोडू शकतो.

ती मोडण्याचा आरंभ उपदेशकांनी करावा. पुढील खेपेस एखाद्या घरी जेवावयास बसाल, तेव्हा घरधनिणीस विचारा, "बाई, चुलीपाशी काय झाकून ठेविले आहे? मला तेही वाढा." आणि ते तिच्या मुलांदेखत आवडीने खा.