थाळी उचल

मोत्या भाकरीला तोंड लावेना. दुधात कुस्करून दिली, वर साय घातली. हुंगायचा नि तोंड फिरवायचा. मी त्याच्यापुढं बसून चुचकारत होतो. आजी म्हणाली, "थाळी उचल. सांजच्याला ठेव."

"मुक्या जिवाला उपाशी ठेवू?"

"उपाशी ठेवणं पाप हाय. पर भूकच लागू न देणं, ती बी माया न्हवं."

तिनं १९७२चा दुष्काळ काढलेला. मिलोची लाल भाकरी खाल्लेली. भुकेची किंमत तिला ठाऊक होती.

सांजच्याला मोत्यानं कोरडी भाकरी मटकावली.

आज नातवामागं घास घेऊन घरभर फिरतो, तेव्हा आजी आठवते. ती खरं बोलली, हे कळतं. पण थाळी काही उचलवत नाही. ही माया की माझीच भीती?