उतारावरचा शूर

रविवारी तू दारात उभा राहिलास. अंगात भडक जर्सी, डोक्याला हेल्मेट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. "सर, सायकलवर आलो," म्हणालास. मला आनंद झाला. चहा टाकायला सांगितला. चहा उकळेपर्यंत तुझी गाडीही येऊन लागली. मागे सायकल अडकवायचा स्टँड, रिकामा. तुझी लेक उतरली आणि सांगून मोकळी झाली, "बाबांनी सायकल भद्रा मारुतीपाशी उतरवली होती."

म्हणजे शहरापासून खुलताबादपर्यंत सायकल गाडीवर. तिथून वेरूळपर्यंत तू सायकलवर. आणि जाताना सायकल पुन्हा गाडीवर. घाट तू फक्त उतरलास.

त्या दिवशी मी गप्प बसलो. बायको-लेकरासमोर माणसाला बोलायचं नसतं. आता तू एकटा आहेस. आता ऐक.

घाट उतरायला काय लागतं रे? दगड सोडला तरी तो खाली येतो. तुझ्या पायांनी त्यात काय केलं? काहीच नाही. तरी लेण्यांसमोर उभा राहून फोटो काढलास, खाली लिहिलंस 'वेरूळ राइड', आणि दोनशे लोकांनी अंगठे दाखवले. त्या दोनशेंना माहीत नाही. तुला माहीत आहे. मला राग त्याचाच आहे. तू अजाण असतास तर समजावून सांगितलं असतं. तू जाणता आहेस.

हाच घाट मी एकतीस वर्षं रोज चढलो. बावीस इंची सायकल, गिअर नाही, मागे कॅरिअरला तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. जिथे दम लागला तिथे उतरून ढकलली. पावसाळ्यातही चढलो, वैशाखातही. शाळेची घंटा माझ्यासाठी थांबणार नव्हती, म्हणून.

"सर, वेळच मिळत नाही." हे तुझं ठरलेलं वाक्य. गेल्या तीन वर्षांत किती वेळा ऐकलं असेल मी! तुझं घर बजाजनगरात. तुझी कंपनी तिथून साडेतीन किलोमीटर. एवढ्या अंतराला तू मोटारसायकल काढतोस आणि सायकल चालवायला वेळ नाही म्हणतोस? सपाट रस्ता. वीस मिनिटं. जाऊन-येऊन सात किलोमीटर रोज, आठवड्याला चाळीस. रविवारची वाट कशाला पाहावी लागते? जर्सी लागत नाही, गाडीवरचा स्टँड लागत नाही. पण कंपनीच्या गेटवर सायकल लावली तर चार लोक काय म्हणतील, हे तुझं खरं दुखणं. ते सांग. वेळेवर कशाला ढकलतोस?

नाशिकचे महाजन बंधू ठाऊक आहेत ना? डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र. दोघेही पेशाने डॉक्टर. २०१५ साली त्यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यांच्या पेशंटना तुझ्या कंपनीतल्या लाइनपेक्षा कमी घाई असेल का? मी तुला अमेरिका पार कर म्हणत नाही. बजाजनगर ते कंपनी म्हणतोय.

आणि ती सायकल! अठ्ठेचाळीस हजारांची, हप्त्यांवर घेतलेली. तू चहा पीत होतास तेव्हा मी बाहेर जाऊन पाहिली. मागचं टायर अंगठ्याने दाबलं, अंगठा आत गेला. हवा किती भरायची हे टायरच्या बाजूवरच छापलेलं असतं, तू कधी वाचलंयस? कमी हवेवर खड्ड्यात गेलास की रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मग म्हणशील रस्ते खराब. चेनवर तांबडी धूळ आणि जुनं तेल यांचा काला झालेला. फडक्याने पुसून दोन थेंब तेल सोडायला पाच मिनिटं लागतात. सीट इतकी खाली की पेडल मारताना तुझे गुडघे छातीकडे येत असणार. भिंतीला हात टेकून सीटवर बस. टाच पेडलवर ठेव आणि पेडल अगदी खाली ने. पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा पेडलवर घेतलास की गुडघ्यात जरासा बाक उरतो. बस, एवढंच. 'सायकलने गुडघे जातात' असं तू गावभर सांगतोस. अरे, सायकलने नाही, सहा महिने सीट वर न केल्याने दुखतात.

ब्रेकचंही तेच. डिस्कला हात लावू नकोस म्हणून लेकीवर ओरडलास, कारण ती तापून चटका देत होती. अख्खा घाट ब्रेक दाबून धरून उतरलास ना? वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करायचा आणि वळणात सोडायचे. त्या घाटात पर्यटकांच्या बस येतात, ट्रक येतात. तुला उतरताही नीट येत नाही, हे मला रविवारी कळलं आणि रात्री झोप लागली नाही.

पळण्याचं काय झालं? जानेवारीत पळणं सुरू केलंस, जानेवारीतच थांबलं. का? पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर, जीव तोडून. तिसऱ्या दिवशी नडगी धरली. चौथ्या दिवशी 'मला पळणं सोसत नाही' असा निकाल. पंधरा वर्षं खुर्चीत बसलेलं शरीर तीन दिवसांत तुझं ऐकेल? एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं वीस मिनिटं. शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे इतकाच वेग. बोलता येत नसेल तर तू जास्त जोरात पळतोयस. महिनाभर एवढंच. हे तुला कळत नव्हतं का? कळत होतं. पण एक मिनिट पळाल्याचा फोटो टाकता येत नाही.

आपल्या मराठवाड्याचाच पोरगा आहे अविनाश साबळे. बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा गाव. आई-बाप वीटभट्टीवर राबले. शाळा लांब, पायी जायची. पुढे फौजेत गेला. २०१८ साली भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला, ८ मिनिटं २९.८० सेकंद. तो विक्रम १९८१ पासून उभा होता. त्यानंतर स्वतःचाच विक्रम मोडत मोडत २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर आला. वजाबाकी कर. तुझं गणित चांगलं होतं. सहा वर्षांत जेमतेम वीस सेकंद. मधल्या काळात राष्ट्रकुलचं रौप्य, आशियाईचं सुवर्ण. सहा वर्षं तो माणूस सेकंदाच्या तुकड्यांसाठी घाम गाळत होता आणि तू तीन दिवसांत निकाल मागतोस?

आता तुझे बूट. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं मी पाहिलं, चप्पल काढताना. विचारल्यावर काय म्हणालास? "सेलमध्ये साठ टक्के सूट होती सर, आठ नंबर संपले होते, सात घेतले." अरे बाबा! पाय आठ नंबरचा आणि बूट सात नंबरचा, सूट आहे म्हणून? पळताना पाय पुढे सरकतो, सुजतो. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी लागते. बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय दिवसभराने फुगलेला असतो. दुकानात दोन्ही पायांत घालून चालून पाहायचं. तुझे वडील तुला गुलमंडीला नेऊन जोडा घ्यायचे तेव्हा दुकानदाराला पुढून दाबून दाखवायला लावायचे. तू विसरलास? फळीवर पडून राहिलेली वस्तू साठ टक्क्यांनी स्वस्त पडली असं तुला वाटतं. ती शंभर टक्क्यांनी महाग पडली. पंप सेलमध्ये, बॅग सेलमध्ये, दुसरं हेल्मेट सेलमध्ये. छापील किमतीवर काट मारलेली दिसली की तुझा हात थांबत नाही. ती मूळ किंमत कोणी ठरवली, एवढा साधा प्रश्न तुला पडत नाही?

आणि हाच तू दौलताबादच्या घाटात काय केलंस? मागच्या दिवाळीत मी तुझ्या शेजारी बसलो होतो. सीताफळांची पाटी घेऊन बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. पहाटे डोंगरातून फळं उतरवलेली, डोळे उघडलेली, दोन दिवसांत पिकणारी. तिने शंभर सांगितले. तू साठवर अडलास, गाडी सुरू करून पुढे घ्यायचं नाटक केलंस, आणि सत्तरला पाटी घेऊन आलास. मुठीत तीस रुपये वाचवल्याचा केवढा आनंद! तिची फळं संध्याकाळपर्यंत खपली नाहीत तर सडणार होती, हे तुला माहीत होतं म्हणूनच तू अडलास. घासाघीस वाईट नाही. कापडाच्या दुकानात कर, गाडीच्या शोरूममध्ये कर, हप्त्याचं व्याज किती पडतं हे बँकेला तोंडावर विचार. तिथे तुझी जीभ का उचलत नाही? कारण तिथला माणूस टाय लावून बसलेला असतो. जिथे समोरचा दुबळा, तिथेच तुझा भाव. हाही उतारच झाला, लेकरा.

कंपनीतलं तर मला तोंडपाठ झालंय. साहेब ऐकत नाही. कालचा पोरगा पुढे गेला. आपली कदर नाही. राजीनामा देणार. हा राजीनामा तू किती वर्षं देतोयस? सहा? तुझ्या मोबाइलमध्ये लिहून ठेवलाय, मला दाखवलास. तारीख बदलत राहतोस फक्त.

मला सांग, शिफ्ट बदलताना तुझी लाइन रोज थांबते, टूलिंग वेळेवर येत नाही, हे तू कोणाकोणाला सांगितलंस? टपरीवर सांगितलंस. कँटीनमध्ये सांगितलंस. रात्री अकराला ग्रुपवर सांगितलंस. बायकोला सांगितलंस, मला सांगितलंस. ज्याच्या हातात ते दुरुस्त करणं आहे त्याला? "तो समजून घेणार नाही." न सांगताच तुला कळलं? कोणती विद्या ही?

तो कालचा पोरगा तुझ्या पुढे का गेला, तेही तूच बोलता बोलता सांगून गेलास. त्याच्या खिशात छोटी वही असते. लाइन कधी थांबली, किती मिनिटं, कशामुळे, लगेच लिहितो. तू मात्र हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये 'सर्व ठीक' लिहून सही ठोकतोस आणि बाहेर येऊन बोंब मारतोस. साहेबाने कोणाचं ऐकावं? तुझी सही सांगते सगळं ठीक आहे. तुझ्याच अक्षरात!

महिनाभर लिही. तारीख, शिफ्ट, मिनिटं, कारण. महिन्याच्या शेवटी बेरीज कर, एका कागदावर मांड. साहेबाकडून दहा मिनिटं मागून घे, सकाळची, शिफ्ट सुटायच्या गडबडीतली नव्हे. आधी आकडा सांग, मग उपाय सांग, मग गप्प बस. रडगाणं नको. कालच्या पोराचं नाव तर तोंडातून काढूच नकोस. नाही ऐकलं तर कागद पुन्हा दे. तिसऱ्यांदाही नाही ऐकलं तर खुशाल दुसरीकडे अर्ज कर, मी स्वतः तुझ्यासाठी चार लोकांशी बोलेन.

हो, एक वेगळं. खरोखर अन्याय होत असेल, कोणाच्या कष्टाचे पैसे बुडत असतील, तर माझी बोलणी लागू नाहीत. कामगाराच्या ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायदा आहे, मेहेरबानी नाही. त्यासाठी भांड, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, मी सोबत येतो. पण तुझं तसं नाही. तू स्वतःच सांगितलंस, पगार वेळेवर होतो, वागणूक बरी आहे. तुझं दुखणं हे की केबिनपर्यंतच्या बारा पायऱ्या तुला चढवत नाहीत.

तू सातवीत होतास तेव्हा तुम्हा सगळ्यांना घेऊन मी लेण्यांत गेलो होतो. चौतीस लेणी, पोरं कंटाळली, डबे कधी सोडायचे विचारत होती. कैलासाच्या अंगणात मी सांगत होतो की आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, तीन बाजूंनी डोंगरात चर खणले आणि मग वरून खाली कोरत आले. आधी शिखर, शेवटी पाया. मागचा कडा शंभर फुटांहून उंच. सगळी वर बघत होती. तू एकट्याने हात वर केलास. "सर, वरून कोरताना चूक झाली तर खालच्यांनी काय करायचं?"

चव्वेचाळीस पोरांत हा प्रश्न एकाला पडला. मी तुला सांगितलं होतं, तुटलेला दगड परत चिकटत नाही, म्हणून आधी आखणी आणि मग टाकी. आणि या काळ्या दगडावर टाकी लवकर बोथट होते, सारखी लोहाराकडे धार लावायला न्यावी लागते. तू ते वहीत लिहून घेतलं होतंस. रविवारी त्याच अंगणात तू कैलासाकडे पाठ करून मोबाइलकडे तोंड करून उभा होतास.

तुझी साखर काठावर आलीय, हे मला तुझ्या बायकोने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. तू सांगितलं नाहीस. तुझ्या वडिलांचा पाय कशाने गेला, विसरलास का? घाटी रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर मी तुझ्या शेजारी बाकावर बसलो होतो. रात्रभर तू एकच म्हणत होतास, आधी लक्ष दिलं असतं तर. तुझी लेक आज नऊ वर्षांची आहे. तिलाही त्याच बाकावर बसवायचंय का?

या आठवड्यात तुझी सेकंड शिफ्ट आहे, म्हणजे सकाळ मोकळी. मंगळवारी ये. लेणी बंद असतात, घाटात गाड्या कमी. शहरापासून सायकलवर ये असं म्हणत नाही, दौलताबादच्या दरवाजातून ट्रकांच्या मध्ये शिरण्याइतका तू अजून तयार नाहीस. गाडीने माझ्या दारापर्यंत ये. तिथे सायकल उतरव. टायरला हवा घरूनच भरून आण, सीट मी पान्याने वर करून देतो.

सहाला घाट चढायला निघ. चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाक, चढावर पोचल्यावर नव्हे. दम लागला तर उतर आणि ढकल, त्यात काही कमीपणा नाही. मी वरच्या वळणावर चहाचा थर्मास घेऊन बसलेला असेन. बूट आठ नंबरचे घालून ये, आणि फोटो काढायला बरोबर कुणाला आणू नकोस.