मेणबत्त्या राहू देत, मिनिटं सांगा

माझगाव, मुंबई 10

चि. छोटीस,


तुझा मेसेज तुझ्या बाबांनी वाचून दाखवला. 12 मेला, परिचारिका दिनी, तुम्ही सगळ्या जणी ड्युटी संपवून पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये रॅली काढणार, हातात मेणबत्त्या घेणार, नर्स किती कमी आहेत ते लोकांना सांगणार, आणि फलकांवर काय लिहायचं ते आत्याला विचारा, असं तुझं म्हणणं. फोनवर हे सगळं बोलून व्हायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिलं म्हणजे मेणबत्त्या नकोत. दिवा हातात घेऊन आपण शपथ घेतो ती आपल्या आपल्यात. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला मेणबत्त्या दिसल्या की वाटतं, कुणीतरी गेलं. तो दोन मिनिटं गप्प उभा राहील, हात जोडील आणि बस आली की चढेल.

तू पाठवलेले फलकांचे मजकूर वाचले. ‘आम्हीही माणसं आहोत’, ‘दिवसरात्र राबतो, तरी उपेक्षा’. यातलं एक अक्षर खोटं नाही. पण घोडपदेवचा हमाल, डॉकमधला कंत्राटी वेल्डर, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यातलं कोण राबत नाही? आपल्या हालांचं गाऱ्हाणं घेऊन त्यांच्यापुढे गेलात तर ते सहानुभूती देतील, आणि ती त्याच संध्याकाळी संपेल. कौतुकाचंही तसंच. 22 मार्च 2020 ला लोकांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, पुढे हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुलं पडली. थाळ्या वाजवणाऱ्यांचं मन खोटं नव्हतं. पण एकदा देवदूत ठरवलं की त्याला रजा लागत नाही, पगार लागत नाही, आणि त्याच्या रिकाम्या जागेसाठी जाहिरातही काढावी लागत नाही. 26/11 च्या रात्री कामा हॉस्पिटलात अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना सुरक्षित जागी हलवलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या रात्री त्या वीस जणींमागे सिस्टर किती होत्या, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.

म्हणून सांगते, स्वतःबद्दल बोलू नका. पेशंटच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते सांगा.

हिशोब तुलाच करायला लावते. मेडिसिनचा वॉर्ड घे. खाटा चाळीस, पण पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सुरू झाले की फ्लोअरवर गाद्या पडतात आणि आकडा साठावर जातो. नाइटला दोन सिस्टर धर. रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे एकीची 720 मिनिटं, दोघींची 1440. साठ जणांत वाटली तर माणशी चोवीस मिनिटं, पूर्ण रात्रीची. यातून आधीच्या पाळीकडून ओव्हर घेणं वजा कर, औषधांची मोजदाद, रजिस्टरं, चार्ट, रात्रीतून येणाऱ्या अ‍ॅडमिशन, डॉक्टरांना फोन, लॅबला सॅम्पल पाठवणं वजा कर. आता बारा नंबरच्या पेशंटला रक्त लावायचं आहे. पिशवीवरचा नंबर, गट, पेशंटचं नाव दोघींनी मिळून ताडायचं. रक्त सुरू झालं की पहिली पंधरा मिनिटं खाटेपाशी उभं राहायचं, कारण थंडी वाजली, पुरळ उठलं, श्वास चढला, काही उलटं व्हायचं असलं तर ते बहुधा तेव्हाच दिसतं. ही पंधरा मिनिटं बारा नंबरच्या चोवीसातून जातात. तेवढ्यात सतराव्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं कॅथेटर ओढलं गेलं तर तू काय करतेस, ते तुला माहीत आहे. बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या मुलाला मात्र माहीत नाही. त्याला दिसते ती ‘उभी राहून टाइमपास करणारी सिस्टर’.

तुमच्या पत्रकावर हाच हिशोब छापा. मोठ्या अक्षरात, कुठलंही विशेषण न लावता.

मग लोक विचारतील, असायला किती हव्यात? इथे सांभाळून. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं जुनं प्रमाण आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स. मुली तेवढंच पाठ करून घोषणा देतात. पण ते तिन्ही पाळ्या मिळून आहे. एका पाळीपुरतं बघायचं तर नऊ रुग्णांमागे एक. शिवाय रजा, आजारपण, बाळंतपण धरून तीस टक्के जादा. नुसतं ‘एकास तीन’ लिहिलंत तर ऑफिसातला कुणीही बाबू तुम्हाला खोटं पाडील आणि पुढचं कुणी ऐकणार नाही. खरं तेच लिहा, ते पुरेसं वाईट आहे: साठ पेशंटना रात्री निदान सहा-सात हव्यात, आहेत दोन.

आणि याने बिघडतं काय, असं कुणी म्हणालं तर अमेरिकेतल्या लिंडा एकन यांचं काम सांग. पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा त्यांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णाची महिन्याभरात मरण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. युरोपातल्या नऊ देशांतही पुढे, 2014 साली, तोच आकडा आला. कॅलिफोर्नियात तर 1999 मध्ये नर्स-रुग्ण प्रमाणाचा कायदाच झाला आणि 2004 पासून तो लागू आहे. तिथला गव्हर्नर झालेला सिनेनट श्वार्झनेगर तो लांबवायला निघाला, तेव्हा तिथल्या नर्सनी तो जाईल तिथे त्याची पाठ धरली. कोर्टानेही 2005 मध्ये नर्सच्या बाजूने कौल दिला.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर परळपर्यंत जायचं. केईएमची नर्स अरुणा शानबाग म्हटलं की लोकांना 1973 चा तो हल्ला आणि 2011 चा दयामरणाचा निकाल आठवतो. नर्सिंगच्या डोळ्यांनी बघ. सुमारे बेचाळीस वर्षं एक बाई केईएमच्या खाटेवर पडून होती आणि तिच्या पाठीला अंथरुणाच्या जखमा होऊ दिल्या नाहीत. ठरल्या वेळी कूस बदलणं, पुसणं, भरवणं, चादरीची एक सुरकुती राहू न देणं, हे पिढ्यान्पिढ्या सिस्टरांनी केलं. तिला तिथून हलवायचं घाटलं तेव्हा त्याच सिस्टर रस्त्यावर उतरल्या. पुरेसे हात आणि पुरेसा वेळ असला की नर्सिंग काय करू शकतं, त्याचा हा पुरावा. आता कुठल्याही भरलेल्या वॉर्डात जा आणि पक्षाघाताच्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलून दाखव. बदलतो तो त्याचा नातेवाईकच, आणि त्याला ते कसं करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं.

हा नातेवाईकच तुझा खरा माणूस. आज तो तुझ्यावर ओरडतो, कधी हात उगारतो. हल्ल्यांविरुद्ध 2010 चा कायदा आहे, पण तो मार खाल्ल्यानंतर कामाला येतो. ‘सिस्टर, सलाइन संपत आलं’ असं तो चौथ्यांदा सांगायला येतो तेव्हा ‘दिसतंय मला’ म्हणू नकोस. ‘दादा, आज आम्ही दोघी आहोत आणि पेशंट अठ्ठावन्न. थेंब थांबला तर ही चकती अशी बंद करा आणि मला हाक मारा,’ असं म्हण. एवढ्याने अर्ध्या लोकांचा पारा उतरतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय. उरलेल्या अर्ध्यांचा उतरत नाही, तेही पाहिलंय.

लोकांना आणखी एक गोष्ट माहीत नसते, हॉस्पिटल कुणाचं ते. जेजे, सेंट जॉर्जेस, जीटी, कामा राज्य सरकारची. केईएम, नायर, सायन, कस्तुरबा महापालिकेची. जेजेतल्या जागा भरल्या नाहीत म्हणून नगरसेवकाच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, तिथे आमदाराला धरायचं. नायरचं असेल तर महापालिका. हे पत्रकात दोन ओळींत घाला. नेसबिट रोडचं प्रिन्स अली खान हॉस्पिटल 2022 मध्ये बंद झाल्यापासून आपल्या माझगावकरांची धाव पुन्हा या सार्वजनिक हॉस्पिटलांकडेच जास्त आहे, म्हणजे ऐकणारे कान आहेत.

आता नियमांचं. तू सरकारी नोकर आहेस, 1979 चे वर्तणूक नियम तुला लागू आहेत. पत्रकारापुढे तू स्वतः बोलायचं नाही. ते युनियनच्या पदाधिकाऱ्यांना करू दे. समाजमाध्यमांबद्दल सरकारने 2025 च्या जुलैत वेगळा निर्णय काढलाय, तोही वाच. युनिफॉर्ममध्ये रील करून वॉर्ड दाखवायचा मोह तुमच्या पिढीला फार. एकाही पेशंटचा चेहरा, केसपेपर, खाटेचा नंबर बाहेर जाता कामा नये. फ्लोअरवर झोपलेल्या बाईचा फोटो काढून तिच्यासाठी न्याय मागता येत नाही. आधी तिला विचारावं लागतं, आणि तापाने फणफणलेल्या बाईला विचारणं म्हणजे विचारणं नव्हे.

आकडे बाहेर काढायचं काम नागरिकांना सांगा. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. ताडवाडीतल्या, अंजीरवाडीतल्या मंडळांची पोरं गणपतीला लाखांची वर्गणी जमवतात, रक्तदान शिबिरं घेतात, चाळीतला कुणी अ‍ॅडमिट झाला की रात्री दोनला धावतात. त्यांना एक साधा अर्ज लिहून द्या: मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातली कंत्राटी किती, आणि अमुक महिन्यात प्रत्येक नाइटला मेडिसिन वॉर्डात नर्स किती व रुग्ण किती. शेवटचा प्रश्न सोडू नका. मंजूर पदांचा आकडाच इतका जुना असतो की तो शंभर टक्के भरला तरी वॉर्ड उपाशीच राहतो.

संपाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुमच्यात कुजबुज चालू आहे हे मला कळतं. 2022 च्या मे महिन्यात राज्यभरातल्या नर्स कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण संप झाला की बातमी पुढे ढकललेल्या ऑपरेशनांची होते, रिकाम्या जागांची होत नाही. लोकांना आधीपासून हिशोब माहीत असला तरच संपाच्या दिवशी ते तुमच्या बाजूने उभे राहतात. गिरणगावात गेटसभा व्हायच्या, त्या कामगारांसाठी. तुम्हीही गेटसभा घ्या, पण भेटीच्या वेळेला पास घेऊन रांगेत उभ्या असलेल्या नातेवाइकांपुढे, ड्युटी नसताना, दहा मिनिटांची.

आणि कृपा करून परदेशी गेलेल्या मुलींवर घसरू नका. कुणीतरी भाषणात म्हणेलच, ‘आपल्या पैशाने शिकतात आणि पळतात.’ जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या अहवालात जगात 59 लाख नर्स कमी असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे बोलावणारे बोलावणारच. आपल्या राज्य सरकारनेच 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, त्यात नर्सही आल्या. इथे शिकलेल्या मुली अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, आणि तिथे त्यांच्यासाठी भाषेचे वर्ग! मुलींचा दुष्काळ कुठे आहे? कायम जागांचा आहे.

पत्रक मराठीत, हिंदीत आणि उर्दूतही काढा. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चची रविवारची प्रार्थना सुटते तिथे, शुक्रवारी नमाजानंतर, मंडळांच्या मीटिंगला, महिला बचत गटांत वाटा. रॅलीच्या खर्चात हे सगळं होईल. टाइप करायच्या आधी मसुदा मला पाठव, ‘सेवा’, ‘त्याग’, ‘समर्पण’ जिथे जिथे असेल तिथे मी काट मारणार आहे.

12 मेला सकाळी गुलाबाचं फूल देऊन सत्कार ठेवतील. जा, फूल घे, साहेबांना नमस्कार कर. आणि युनियनच्या अध्यक्षांकरवी त्याच व्यासपीठावर एक कागद त्यांच्या हाती दे: मंजूर किती, भरलेल्या किती, काल रात्री हजर किती.

तुझी,
आत्या