तिने शिवलेले कपडे

आजचं वचन : प्रेषितांची कृत्ये ९:३६–४२



याफोमध्ये टबीथा वारली. ग्रीकमध्ये तिचं नाव दुर्कस. दोन्हींचा अर्थ हरिणी. निरोप मिळताच पेत्र लोदहून निघून येतो, माडीवर जातो, तर तिथे विधवा रडत उभ्या. त्या भाषण करत नाहीत. टबीथाने शिवलेले कपडे तेवढे त्याला दाखवतात.

नव्या करारात ‘शिष्या’ हा स्त्रीलिंगी ग्रीक शब्द फक्त तिच्यासाठी आला आहे. आणि तिचा एकही उपदेश लिहिलेला नाही, एकही चमत्कार नाही. सुई-दोरा, दानधर्म, बस्स. आपण ‘माझं पाचारण काय?’ म्हणून सेमिनारला जातो. टबीथाला ते घरातच सापडलं होतं.

माझी आजी मागच्या महिन्यात प्रभूकडे गेली. ८७ वर्षांची होती. आजोबा रेल्वेत, त्यामुळे सगळा संसार कल्याणला. चार मुलं, दिरांची दोन, शिवाय गावाहून शिकायला आलेलं कोणी ना कोणी. मंडळीतलं कोणी ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात ॲडमिट असलं की सकाळच्या लोकलने डबा घेऊन निघायची, लेडीज डब्यातल्या मैत्रिणींना त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगायची. त्यातल्या निम्म्या हिंदू. त्याही करायच्या!

ती गेल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मेजावरचं पांढरं कापड सुरकुतलेलं होतं. ते इतकी वर्षं कोण धुतं, कोण इस्त्री करतं, हे मंडळीत कोणालाच नीट माहीत नव्हतं. मला वाटतं, विधवांच्या हातातले कपडे ते हेच.

कल्याणचा विषय निघालाच आहे तर अजून एक आठवण. ‘उपासना संगीत’मधून ज्यांची गीतं आपण गातो, ते ना. वा. टिळक लहानपणी कल्याणला शिकले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ताकडे आल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. १९१९ मध्ये टिळक गेले, ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं. त्याचा बराच मोठा भाग मग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ‘स्मृतिचित्रे’ वाचा. पाहुणे, आजारपणं, रिकामे डबे, दुसऱ्यांची मुलं, नवराबायकोची भांडणं. सेवेचं आयुष्य आतून असंच दिसतं.

आता अवघड भाग. पेत्राने प्रार्थना केली आणि टबीथा उठली. आजी उठली नाही. प्रार्थना आम्हीही केली होती, गुडघे टेकूनच. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ‘देवाची इच्छा’ म्हणून मी ते घाईने मिटवणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. टबीथाही पुढे कधीतरी पुन्हा मेलीच असणार. तिचं ते उठणं शेवटचं नव्हतं, एक खूण होती. आपली आशा १ करिंथ १५ मधल्या पुनरुत्थानावर आहे, जिथे पुन्हा मरण नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल सांगतो की प्रभूमध्ये केलेले श्रम वाया जात नाहीत. म्हणजे इस्त्रीसुद्धा नाही!

आणि ४१वं वचन पाहा. पेत्र तिला पवित्र जनांच्या आणि विधवांच्या स्वाधीन करतो. अशी माणसं देव आपल्या हाती सोपवतो. त्यांचं कामही.

आज एवढंच करा : तुमच्या मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजी-आजोबांना फोन लावा. कसे आहात विचारा, आणि ‘तुम्ही चर्चमध्ये नेमकं काय काय करता?’ हेही विचारा. त्यातलं एक काम ते असतानाच शिकून घ्या.

प्रार्थना : प्रभू येशू, जे निमूटपणे राबले त्यांच्यासाठी तुझे आभार. आमच्या रडण्याला कामाचे हात दे. तू येशील तोवर आम्हाला विश्वासू ठेव. आमेन.