मेक्सिकोचं चालतं, शेजारचं नाही

"हे बेडकाचे अंडे तूच खाय, मले नोको," म्हणत काकाजींनी भिजवलेल्या चियाची वाटी परत सारली. गंमत म्हणजे ते स्वतः रब्बीत चियाच पेरतात. वाशिम जिल्ह्यात हे पीक सध्या जोरात आहे. पाणी कमी लागतं, रोही-रानडुकरं तोंड लावत नाहीत. माल आधी मध्य प्रदेशात नीमचला न्यावा लागे, आता वाशिमच्या बाजार समितीतही खपतो. मेक्सिकोतल्या अॅझटेकांचं हे अन्न आमच्या वावरात पिकतं, पण पिकवणाऱ्याच्या घरात शिरत नाही. सोयाबीनचंही तेच. खरिपात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. तेल निघतं आणि ढेप देशोदेशीच्या कोंबड्यांना जाते.

मिरची, बटाटा, शेंगदाणा बाहेरून आले, हे आता शाळकरी पोरही सांगतं. त्यानं कुणाची चव बदलत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो भेद वेगळा आहे: एखादी गोष्ट न खाणं निराळं आणि ती खाणाऱ्याला नावं ठेवणं निराळं. काकाजी दोन्ही करतात. चौकातल्या चायनीजच्या गाडीवर पोरं दिसली की त्यांची गाडी थेट चिन्यांच्या किड्यामुंग्यांवर जाते. आता त्या मंचुरियनचा चीनशी संबंध तो किती! नेल्सन वँग या कोलकात्यात वाढलेल्या स्वयंपाक्यानं ते 1975 च्या सुमारास मुंबईत बनवलं, असं सांगतात. त्यातला काळा सॉस ज्या सोयाबीनचा, ते तर काकाजींच्याच धुऱ्यापर्यंत उभं असतं.

हे सगळं त्यांना ऐकवणार होतो. पण काकाजी 1972 च्या दुष्काळातले. तेव्हा रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, यायची. तिकडे ती जनावरांना घालतात, हे खाणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी खाल्ली, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. अशा माणसाला आज एखादी वाटी परत सारता येत असेल, तर मी कोण त्याला उदारपणा शिकवणार?

शिवाय आमचा उदारपणा तरी कसला? पुण्यात जाऊन जपानी कच्चा मासा हौसेनं खाणाऱ्यांना चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, हे कळतं ते शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'मधून. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं हे पुस्तक 2015 चं. त्या चुली गावोगाव कितीतरी जुन्या. लांबचं अन्न आपण कौतुकानं चाखतो, पलीकडच्या आळीतलं आपल्याला माहीतही नसतं.

इथे माझा तो लाडका भेद लंगडा पडतो. काकाजींनी चिया नाकारला म्हणून मेक्सिकोत कुणाचं काही बिघडत नाही. पण अख्ख्या गावानं पिढ्यानपिढ्या, अगदी मुकाट्यानं, एका वस्तीच्या घरचं खाल्लं नाही, तर नावं ठेवायची गरजच उरत नाही. त्या न खाण्यातच पंगत ठरते. खोली भाड्यानं देताना 'तुमच्यात काय-काय खातात?' असं सहज विचारणारा घरमालक कुणाला नावं ठेवत नाही. त्याला फक्त आडनाव न विचारता जात काढायची असते.