उरलेले तास

तुटपुंज्या पगारात अडकलेल्या माणसाला ‘काही नवे शीक, म्हणजे वर येशील’ असे सांगणे फार सोपे असते. सांगणाऱ्याचे त्यात काहीच खर्च होत नाही; ऐकणाऱ्याची मात्र झोप खर्च होते. दिवसातले ताजे तास नोकरीला देऊन जे शिळे तास उरतात, त्यांतच त्याला शिकावे लागते.

मग शिकू नये काय? जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात रात्रशाळा काढली, ती याच उरलेल्या तासांवर विश्वास ठेवून. नारायण सुर्वे मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. शिपाईगिरी करीत परीक्षा देऊन ते शिक्षक झाले. परंतु १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा संग्रह निघाला, त्यातली कविता कोणत्याही परीक्षेला लागत नव्हती. विद्येचे मोल केवळ बढतीने मोजले, तर बढती न मिळालेल्याची सारी रात्र फुकट गेली असे म्हणावे लागेल. तसे म्हणायला मन धजत नाही. दिवसभर दुसऱ्याचा असलेला माणूस शिकताना घटकाभर स्वतःचा होतो, ही प्राप्ती काय थोडी आहे?

मात्र सुर्व्यांचे नाव घेऊन इतर शिपायांना आळशी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. एकाच्या जिद्दीमुळे दुसऱ्याचा अपुरा पगार न्याय्य होत नाही. शिकणे हे नोकराचे कर्तव्य मानायचे, तर शिकण्याइतके त्राण त्याच्या अंगात उरू देणे हे मालकाचे कर्तव्य आधी मानले पाहिजे.